पदरावरून उतरताना: भोरगिरी, भीमाशंकर, खांडस

भीमाशंकरला मी आजवर चार वेळा गेलो होतो आणि एकदाही जंगल पाहिलं नव्हतं. गाडी लावायची, पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभं राहायचं, दर्शन, वर येऊन भजी, परत पुणे. झाडं दिसायची ती काचेतून. यंदा भाचीनं ते बोलूनच दाखवलं. "मामा, तू पाहिलंयस ते पार्किंग." ती वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे तिला उलट उत्तर देता येत नाही.

शेवटी ठरलं ते असं. भोरगिरीहून भीमेच्या काठाकाठानं चालत वर जायचं, वर दोन रात्री राहायचं आणि तिसऱ्या दिवशी गणेश घाटानं खांडसला, म्हणजे थेट कोकणात उतरायचं. देशावरून चढून कोकणात उतरणं, सह्याद्री आडवा ओलांडणं. सोबत माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा गुडघा आणि माझे बूट, दोघांचंही वय झालेलं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि मधले वार मुद्दाम निवडले. श्रावणी सोमवार, शनिवार-रविवार आणि महाशिवरात्र टाळलीत तर अर्धं भीमाशंकर तुमच्या एकट्याचं असतं.

दिवस पहिला: भोरगिरी ते भीमाशंकर

राजगुरुनगरहून भोरगिरीची बस चासकमान धरणाच्या फुगवट्याच्या कडेनं जाते. भात पोटरीला आलेलं. त्याच्या वर उतारावर खुरासणीची पिवळी फुलं आणि त्याच्याही वर ढगात गेलेले डोंगर. भाची खिडकीला नाक लावून बसली, मित्र झोपला.

भोरगिरी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं शेवटचं गाव. तिथून पुढे डांबर नाही. कोटेश्वराचं देऊळ ओढ्याकाठी आहे, मागे छोटेखानी किल्ला आणि त्याच्या पोटात खोदलेल्या गुहा. शिलाहार घराण्यातल्या झंझ राजानं नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. देवळाशेजारच्या घरात चहा मिळाला. चहा देणाऱ्या आजींनी आमच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "वाट निसरडी हाय. गुरांच्या वाटंला लागू नका, ती गुरांनाच ठावं कुठं जाती."

आम्ही तासाभरात गुरांच्या वाटेला लागलो.

दोष धुक्याचा. सुरुवातीला वाट अगदी सरळ होती, डावीउजवीकडे तेरडा आणि सोनकी, मधूनमधून ओढे. मग वरून ढग उतरला आणि दहा पावलांपुढचं दिसेनासं झालं. पुढे चालणारी भाची म्हणजे नुसती निळी पिशवी उरली. एका ठिकाणी वाट फुटली, आम्ही रुंद वाट धरली आणि ती करवंदीच्या जाळीत जाऊन संपली. समोर एक म्हैस. तिनं आमच्याकडे पाहिलं ते, खरं सांगतो, त्या आजींसारखंच.

परत फिरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. अर्धा. चालताना चपाक-चपाक आवाज करत होता. मित्रानं दप्तराची नाडी काढून तो बांधला आणि पुढचे तीन दिवस मी त्या अवस्थेत चाललो. (बूट नवे नकोत हे सगळेच सांगतात. फार जुनेही नकोत, हे कोणी सांगत नाही. कपाटात दोन वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा डिंक सुटतो. निघण्याआधी आठवडाभर घालून पाहा.)

या चुकीचा एक फायदा झाला. वाट कळत नव्हती, म्हणून आम्ही पाण्याचा आवाज धरून चालायला लागलो. नदी उजव्या हाताला ठेवायची, एवढंच. आणि तेव्हा लक्षात आलं की इथे नदी म्हणून एक काही नाहीच. प्रत्येक घळीतून पाणी येत होतं, खडकाच्या भेगेतून येत होतं, झाडाच्या मुळातून ठिबकत होतं. पाऊस पडत नव्हता, तरी झाडांखाली गेलं की डोक्यावर थेंब. भाचीनं एका बुंध्यावरचा शेवाळाचा थर तळहातानं दाबला. स्पंज पिळावा तशी पाण्याची धार तिच्या कोपरापर्यंत आली. "ढग येतो, पानांना आणि शेवाळाला लागतो आणि थेंब होऊन खाली येतो," ती म्हणाली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे ठिकाण. पण तो सगळा चार महिन्यांत येतो. पुढचे आठ महिने भीमा वाहती ठेवायची तर कोणीतरी तो धरून ठेवायला हवा.

झाडं उंच नाहीत, हे आधी लक्षात येत नाही. माथ्यावर वारा फार आणि खडकावर माती थोडी, त्यामुळे ती ताडमाड वाढत नाहीत. पसरतात, वाकडी होतात, एकमेकांत शिरतात. अंजनी, जांभूळ, पिसा ही इथली मुख्य तिकडी, असं भाचीनं परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. फांद्यांवर बाशिंग नावाचं नेचं आणि आमरी, म्हणजे ऑर्किड. एका जांभळाच्या आडव्या फांदीवर इतकं काय काय उगवलं होतं की जांभळाची स्वतःची पानं शोधावी लागली.

गुप्त भीमेपाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. झाडीच्या आत ओढा, ओढ्यात पिंड आणि तिच्यावरून अखंड वाहणारं पाणी. उगमाला गुप्त होणारी नदी इथे पुन्हा वर येते अशी श्रद्धा आहे. आम्ही तिघं काही न बोलता बसलो. मित्र वारकरी घरातला. ओंजळ भरून तो म्हणाला, "हे पंढरपूरला जाणार." तिथे तिला चंद्रभागा म्हणतात, पुढे कर्नाटकात रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते. ८६१ किलोमीटरचा प्रवास, आणि इथे मी तो एका ढांगेत ओलांडला. तीही तुटक्या बुटानं.

(भोरगिरी ते भीमाशंकर अंतर सात-आठ किलोमीटर. साधारण तीन-चार तास धरा, धुकं असेल तर सहा. पावसाळ्यात वाटाड्या घ्याच. आम्ही घेतला नाही आणि म्हैस भेटली.)

मुक्काम देवस्थानाच्या थोडं अलीकडे एका वाडीत, महादेव कोळी कुटुंबाच्या घरी. मावशींनी चुलीपुढे बसवलं, ओले मोजे काढून घेतले आणि चुलीवरच्या दोरीवर टांगले. जेवायला नाचणीची भाकरी, भात, कुर्डूची भाजी आणि खुरासणीची चटणी. ती चटणी काळी, खमंग, थोडी कडवट. मी चौथी भाकरी मागितली तेव्हा भाचीनं डोळे मोठे केले.

जेवणानंतरचा प्रकार आमच्या यादीतच नव्हता. भाचीनं सहज विचारलं, इथे चमकणारी बुरशी दिसते का. मावशी म्हणाल्या, "ती व्हय? मागं सरपणात असंल. लहानपणी आम्ही तुकडं घरात आणून खेळायचो." घरामागे कुजक्या ओंडक्यांचा ढीग होता. बॅटरी बंद केली. काहीच नाही. मित्र म्हणाला, चला झोपू. मावशी म्हणाल्या, "डोळं निवू द्या."

दहा-पंधरा मिनिटं काळोखात उभे होतो. मग ढिगाच्या तळाशी एक रेघ दिसली. उजेड म्हणावा इतकी नाही. जुन्या घड्याळाच्या रेडियमच्या काट्यांवर असायची तशी फिकट हिरवट. थेट पाहिलं की नाहीशी होई, जरा बाजूला पाहिलं की परत येई. हळूहळू दुसरी, तिसरी. एका फळकुटाच्या सालीखाली तर सगळ्या शिरा उजळलेल्या. भाचीनं ते हातात घेतलं तेव्हा तिच्या अंगठ्याची काळी आकृती त्यावर उमटली. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीच्या पेशींत एक रसायन प्राणवायूशी संयोग पावतं आणि उष्णता न होता प्रकाश पडतो, काजव्यासारखंच. मावशींचं मत वेगळं: "जुलैत या. तवा खरं दिसतं. हे काय, विझत आलंय."

(बुरशी पाहायला म्हणून रात्री अभयारण्यात शिरू नका. परवानगी लागते, आणि ती नसेल तर बिबट्यापेक्षा वनरक्षक महागात पडतो. वाडीत राहा, मागच्या अंगणात पाहा.)

दिवस दुसरा: शेकरू आणि नागफणी

सकाळी सहाला वाटाड्या दादा आले. पन्नाशीचे, रबरी बूट, खांद्यावर घोंगडी. पहिलाच नियम सांगितला: "शेकरू बघायचं आसंल तर बोलायचं न्हाई. बोलायचं आसंल तर देवळात जाऊ."

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः या शेकरूसाठी, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीसाठी. १३० चौरस किलोमीटरहून थोडं जास्त क्षेत्र, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हे पाठ्यपुस्तकानं सांगितलेलं असतं, पण त्याचा आकार काही सांगितलेला नसतो. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत जवळपास तीन फूट.

अर्ध्या तासात मला घरटं दिसलं. उंच फांदीवर काळपट, गोल, फुटबॉलएवढं. मी आनंदानं दादांचा दंड धरला. त्यांनी वर पाहिलं आणि हसू दाबलं. ते मुंग्यांचं घर होतं. झाडावर राहणाऱ्या या मुंग्या चघळलेल्या लाकडाच्या आणि पानांच्या लगद्याचं असं घर बांधतात, लांबून शेणाच्या गोळ्यासारखं दिसतं. त्याला एका बाजूला वाटोळं भोक होतं. भाची हळूच म्हणाली, "मामा, ते सुतार पक्ष्यानं पाडलंय." तांबूस रंगाचा एक सुतार या मुंग्या खातो आणि वर त्यांच्याच घरात अंडी घालतो. भाडं नाही ते नाही, घरमालकालाच खातो.

शेकरूचं घरटं नंतर दादांनी दाखवलं. काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, बारीक फांद्यांच्या शेंड्याकडे बांधलेला, म्हणजे जड शिकाऱ्याला तिथवर पोचता येऊ नये. एकच शेकरू आसपास अशी बरीच घरटी बांधतं. त्यातलं भरलेलं कुठलं हे त्यालाच माहीत.

ते स्वतः दिसलं ते आधी आवाजानं. खडखड असा कोरडा आवाज, कोणी डब्यात चिंचोके हलवावेत तसा. मग खाली चावलेल्या सालींचा सडा. मग वर एक लांब, फिकट टोकाची शेपटी, लटकत असलेली. मागच्या पायांनी फांदी धरून ते उलटं टांगलं होतं आणि पुढच्या दोन हातांत फळ धरून खात होतं, अगदी निवांत. पाठ तपकिरी-तांबडी, पोट मलईसारखं. दोन मिनिटांत त्याला आमचा कंटाळा आला. फांदीच्या टोकापर्यंत धावलं आणि उडालं. मधलं अंतर वीस फूट तरी असेल. समोरचं झाड हललं, पाणी खाली सांडलं, संपलं.

दादा म्हणाले, "ते भुईवर उतरत न्हाई. फांदीला फांदी लागली तर त्याला रस्ता, न्हाईतर न्हाई." मग त्यांनी एक जागा दाखवली. दोन्ही बाजूंची झाडं जिथे एकमेकांना शिवत नव्हती, तिथे शेकरूचं जंगल संपत होतं. आम्हाला जंगल सलग दिसत होतं, कारण आम्ही खाली पाहत होतो.

वाटेत एक लहानशी राई लागली. एकाएकी अंधार, गारवा, कमरेहून जाड वेली. गारंबीची एक वेल तर झाडाला पिळा घालून दुसऱ्या झाडावर गेलेली. आत शेंदूर लावलेला एक दगड. दादांनी घोंगडी खाली ठेवली, चपला नाहीत म्हणून रबरी बूट काढले. इथली वाळली काडीही घरी नेत नाहीत. भाचीनं सांगितलं की वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात अशा देवराया पाहून त्यांची नोंद केली. दादांना ती नावं ठाऊक नव्हती. पण राईच्या बाहेर भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यात जाळायला, फांद्या छाटून खांबासारखी झालेली झाडं आणि आतली झाडं यांत फरक काय, हे त्यांनी बोट दाखवून आमच्याआधी सांगितलं. "बाहेरचं आमचं, आतलं त्याचं." हिरड्याची झाडंही त्यांनी ओळीनं दाखवली. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवायचा, त्यावर वर्षाचा मीठमसाला निघतो. भाव पडला की निघत नाही.

देवळात दुपारी गेलो. रांग नव्हती. शिखर नाना फडणवीसांनी बांधवलं. समोरची पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर इथे आली. पाचव्या खेपेला मी ती पहिल्यांदा नीट पाहिली.

संध्याकाळी नागफणी. हनुमान तळ्यावरून चढत गेलं की झाडी एकदम संपते आणि पुढे काहीच नसतं. नुसता कडा. कोकण खाली हजार मीटरच्या आसपास. आम्ही पोचलो तेव्हा खाली ढग भरलेले. मग वारा सुटला आणि ढग कड्याला आपटून वर आले. पाऊस खालून वर पडतो, हे ऐकलं होतं. चष्म्याच्या आतल्या बाजूनं भिजलो तेव्हा पटलं.

कड्यावरच्या ओल्या खडकात भाचीनं गुडघे टेकले. करंगळीच्या नखाएवढी जांभळी फुलं, शेकड्यांनी. सीतेची आसवं. खडकावरच्या चिमूटभर मातीत नत्र नसतं म्हणून ही वनस्पती मातीखालच्या बारीक फुग्यांत किडे ओढून घेते आणि पचवते. एवढं गोड नाव आणि असा उद्योग, असं मित्र म्हणाला.

तिथे उभं राहून मी बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं. पुढच्या बाजूला ओतलं ते कोकणात, अरबी समुद्राला. मागे ओतलं असतं तर बंगालच्या उपसागराला. मधे माझ्या एका बुटाचं अंतर. पश्चिमेचा समुद्र नजरेच्या टप्प्यात, आणि पाठीमागचं पाणी मात्र अख्खं पठार ओलांडून पूर्वेला निघालेलं.

रात्री पाऊस कोसळला. पत्र्यावर असा की बोलणं ऐकू येईना. एकदोनदा जाग आली तेव्हा मावशींचे यजमान बॅटरी घेऊन बाहेर जाताना दिसले. तिसऱ्यांदा मीही उठून पडवीत गेलो. ते ओहोळावर उजेड टाकून पाहत होते. मी विचारलं काय बघता. म्हणाले, "पाणी गढूळ व्हतंय का." थोड्या वेळानं, "माळीण झाल्यापासून सवय लागली."

माळीण हे आंबेगाव तालुक्यातलं गाव. ३० जुलै २०१४ला सकाळी डोंगर घरांवर आला, १५१ माणसं गेली. ओहोळ स्वच्छ होता. ते आत आले, मला झोप म्हणाले आणि स्वतः चुलीपाशी बसून राहिले.

दिवस तिसरा: गणेश घाट, खांडस

सकाळी लख्ख ऊन. रात्री काही झालंच नाही असं. वाफा निघत होत्या. मावशींनी भाकऱ्या बांधून दिल्या, पैसे मोजले आणि भाचीच्या हातात खुरासणीची चटणी वेगळी दिली.

खांडसला उतरायच्या दोन वाटा. शिडी घाट जवळचा, कड्याला लावलेल्या शिड्यांवरून. गणेश घाट लांबचा, पण सोपा. मित्राला शिडीची हौस होती. दादांनी माझ्या बुटाकडे नुसतं पाहिलं. गणेश घाट.

उतरताना डोंगर आतून दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचे थर कड्यात आडवे स्पष्ट दिसतात. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर झिजून सपाट पायरी होते. दोन थरांच्या मधे कुठेकुठे विटेसारखा लाल पट्टा, आणि बऱ्याचदा पाणी तिथूनच झिरपतं. कड्याच्या मधल्या अशा सपाटीला इथे पदर म्हणतात. वर माथा, खाली कोकण, मधे पदर. म्हणून वस्ती पदरवाडी आणि समोरचा सुळक्याचा किल्ला पदरगड. भूगोलाच्या पुस्तकात यासाठी काय शब्द आहे मला आठवत नाही, पण याहून बरा नसणार.

पदरावर एका झोपडीत लिंबू सरबत मिळालं. विकणारा मुलगा आठवीतला. लिंबं, साखर, पाणी सगळं पाठीवर वाहून आणतो. मागे वळून पाहिलं तर आम्ही काल ज्या कड्यावर उभे होतो तो भिंतीसारखा उभा, त्यावरून रात्रीच्या पावसाच्या पांढऱ्या धारा. कस्तुर पक्ष्याची शीळ कुठून तरी येत होती, कोणी मुलगा सूर विसरत विसरत वाजवतोय अशी.

पदराखाली हवा बदलली. शेवाळ गेलं, बाशिंग गेलं, साग आणि ऐन आले, घाम आला. मित्राचा गुडघा बोलू लागला. शेवटचा तास आम्ही त्याला काकडीच्या फोडी दाखवत चालवला.

(गणेश घाट उतरायला चार तास, गुडघ्यासह पाच. माणशी दोन लिटर पाणी हवंच, पदराखाली उकाडा सोसत नाही. खांडसहून कर्जत तीसेक किलोमीटर. जीप मिळते, पण भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे रात्रीच्या गाडीवर भिस्त ठेवू नका.)

कर्जत स्टेशनबाहेर चांभार बसला होता. मी उजवा बूट पुढे केला. नाडीचे दोन वेढे, मधे अडकलेलं एक पान, वर लाल माती. त्यानं तो उलटा करून पाहिला, परत माझ्या हातात दिला.

"भीमाशंकर?"

"हो."

"शिडी घाट का गणेश?"

"गणेश."

"मंग डावा पण द्या," तो म्हणाला. "त्याचा पण सुटलाय. तुम्हाला कळलं नाही."